दोन नावांचा गुडघा

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला आत घेतलंच नव्हतं. जाळीचा दरवाजा अर्धा उघडला, हात कडीवर ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "काय हवंय?"

"गुडघा," तो म्हणाला आणि डावा पाय किंचित पुढे केला.

दुपारचे दोन वाजलेले. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी सकाळी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी करायचे आणि संध्याकाळी डोंबिवलीत, मानपाडा रोडला, भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःचा दवाखाना चालवायचे. दवाखाना चारला उघडायचा. दोन ते चार ही माझी जेवायची आणि पाठ टेकायची वेळ. त्या वेळात रस्त्यावरची सगळी दुकानं बंद असायची. अशा सामसूम दुपारी सहा फुटी आफ्रिकन माणूस माझ्या दारात उभा होता आणि समोरच्या गॅलऱ्यांमधून किती जण बघतायत हे मला मान न वळवताही कळत होतं.

पुढच्या खोलीत बाबा होते म्हणून मी दार उघडलं. आई गेल्यापासून बाबा दिवसभर दवाखान्यातच बसायचे, पेशंटची नावं वहीत लिहायचे. तीस वर्षं त्यांनी ठाण्याच्या कोर्टात कारकुनी केलेली. हजारो प्रतिज्ञापत्रं वाचून झालेली. समोरचा माणूस बोलायला लागला की बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत, खाली वहीकडे बघत ऐकायचे. खोटं कानाला लवकर कळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याने नाव सांगितलं. बाबांनी स्पेलिंग विचारून लिहिलं. वय तेवीस. व्यवसाय फुटबॉलपटू. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकाला फुटबॉलचं वेड होतं, त्याने स्वतःचा संघ काढलेला, मुंबईच्या लीगमध्ये उतरवलेला. हा त्या संघातला परदेशी खेळाडू. राहायला विठ्ठलवाडीला, कारखान्याने घेऊन दिलेल्या खोलीत.

"माझा पत्ता कोणी दिला?" मी विचारलं.

"ठाण्याच्या हॉस्पिटलात गेलेलो. तुम्हाला काम करताना बघितलं. पण तिथे गर्दी फार. सफाईवाल्या बाईने सांगितलं की डॉक्टरीणबाई डोंबिवलीत आहेत."

म्हणजे हा माणूस मला लांबून बघत उभा होता आणि मग शोधत दारापर्यंत आला. तरी टेबलवर झोपायला सांगितलं, कारण गुडघा खरोखरच सुजलेला होता.

गुडघा तपासताना आम्ही पायाची नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढतो. आतला लिगामेंट शाबूत असेल तर ती जागची हलत नाही. याची नडगी टेबलाचा खण सरकावा तशी पुढे आली. टेपने मोजलं तर डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक. चार सेंटिमीटर एका महिन्यात जात नाहीत. शिवाय दोन जुने व्रण होते. एक आडवा, टाके दूरदूर आणि ओबडधोबड घातलेला. दुसरा उभा, बारीक, सफाईदार. दोन निराळ्या हातांनी, निराळ्या वर्षांत केलेलं काम.

"ऑपरेशन कधी झालं?"

"नाही झालं. लहानपणी पत्र्यावर पडलो."

"दोनदा?"

"दोनदा," तो म्हणाला आणि छताकडे बघत राहिला.

जाताना त्याने एक्स-रेचं पाकीट ठेवलं. त्याच्यावर लिहिलेलं नाव बाबांच्या वहीतल्या नावापेक्षा वेगळं होतं. आडनाव तेच, पण पहिलं नाव दुसरंच. तो जिना उतरेपर्यंत बाबा वहीतलं नाव बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "या गृहस्थांचं कुठेतरी पाणी मुरतं आहे."

तरी तो येत राहिला. आठवड्यातून तीनदा, बरोबर दोनला. चारनंतर ये म्हटलं तर नको म्हणायचा. चारनंतर कारखाना सुटतो, रस्त्यावर ओळखीचे लोक असतात, त्यांना हे कळायला नको. कोणाला कळायला नको, ते सांगायचा नाही. मी शेक द्यायचे, मांडीचे व्यायाम करून घ्यायचे. पायाला वाळूची पिशवी बांधून तो पाय उचलायचा तेव्हा चेहऱ्यावरून घाम ओघळायचा, पण तोंडातून आवाज नाही. एवढं सोसायची सवय तेवीस वर्षांच्या पोराला नसते, हेही मी मनात टिपून ठेवायचे. तो गेला की मी खण उघडून बघायचे. कात्री, टॉर्च, माझं घड्याळ. सगळं जागेवर असायचं. पुढच्या वेळी पुन्हा बघायचे. हे लिहिताना आज लाज वाटते, पण बघायचे.

त्या वर्षांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हा शब्द डोंबिवलीत नवा नवा पोचलेला. समोरच्या इमारतीतल्या बायका मला भाजीच्या गाडीवर गाठून विचारायच्या, "अगं, तो काळा माणूस पुड्या तर नाही ना घेऊन येत? तुझ्या बाबांना काय कळणार!" मी हसून उडवायचे आणि दवाखान्यात येऊन त्याच्या झोपायच्या टेबलाखाली वाकून बघायचे.

आमची घरमालकीण आगरी. तिच्या सासऱ्याची भातशेती एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या जागेवर तिने खोल्या बांधलेल्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खरी शंका घ्यायचा हक्क तिचा होता, जागा तिची. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती येऊन पायरीवरच बसली. तो आला, त्याने बूट काढून भिंतीशी जोडीने लावले, तिला मान लववली आणि आत गेला. तो बाहेर पडेपर्यंत ती हलली नाही. नंतर मला म्हणाली, "यो बरा हाय गो. तुजी बाकीची पेशंटा चपला घालून थेट आत घुसतान. याला घरानं वलन लावलेला हाय."

"मावशी, पण हा दोन नावं लावतो."

"मग? माजी पन दोन हान. एक बापानं ठेवलेला, एक नवऱ्यानं."

तिचं तिथेच संपलं. आमचं संपलं नाही.

एका शुक्रवारी वीज गेली. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी आणि आमच्याकडे वीज जायचा ठरलेला वार. शेकाचं मशीन बंद पडलं म्हणून मी त्याला म्हटलं, गच्चीवर जाऊन पायऱ्या चढ-उतर कर, वीस वेळा. तो गेला. त्याची कापडी बॅग खुर्चीवर होती. बाबा पुढच्या खोलीत डुलकी काढत होते. मी बॅगेची चेन उघडली.

आत टॉवेल, एक केळं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट. मी तो उघडला. नाव त्याने आम्हाला सांगितलेलं तेच, वय तेवीस. पण फोटो त्याचा नव्हता. त्याच्यासारखा होता, कपाळ तेच, डोळे तसेच, पण हनुवटी निमुळती आणि कान बाहेर आलेले. मी रोज ज्या माणसाचा पाय हातात धरत होते त्याचे कान डोक्याला चिकटलेले होते.

त्याची पावलं जिन्यात वाजली आणि मी चेन ओढली. त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधताना ती माझ्या हातून दोनदा सुटली. तो माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा छातीवरचा धोंडा कोणाजवळ तरी उतरवायचा होता. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "उद्यापासून मी आतल्या खोलीत बसेन." एवढंच.

दोन आठवड्यांनी कारखान्याचा माणूस आला. संघाचा मॅनेजर. पन्नाशीचा, पांढरा सफारी, बोलायला गोड. तो भर संध्याकाळी, पेशंट बसलेले असताना आला आणि थेट विचारलं, "आमचा प्लेअर येतो ना तुमच्याकडे?"

"पेशंटबद्दल मी कोणाशी बोलत नाही."

"अहो मॅडम, आता न बोलून काय? तुमच्याकडूनच तर पत्र आलं आम्हाला."

"मी कुठलंही पत्र लिहिलेलं नाही."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. वर पत्ता दवाखान्याचा होता, खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. ते ताठ, एकसारखं उजवीकडे झुकलेलं इंग्रजी अक्षर मी पहिलीपासून माझ्या प्रगतिपुस्तकावर बघत आलेले. सदर इसम आपल्या सेवेत आहे काय, सदर इसमाच्या पारपत्रावरील छायाचित्र त्याच्याशी जुळत नाही हे आपणास विदित आहे काय, सदर इसम गुडघ्याच्या जुन्या विकारावर दोन नावांनी उपचार घेत आहे हे आपणास ज्ञात आहे काय. सगळं इंग्रजीत, कोर्टाच्या भाषेत, प्रत्येक वाक्य प्रश्नाचं.

बाबा दोन हातांवर, वर्तमानपत्राआड बसलेले. पान उलटत नव्हते.

मॅनेजर म्हणाला, "मालक विचारतायत, याचं वय किती? तुम्ही हाडं बघता, तुम्हाला कळत असेल."

"पोरसवदा वयात कळतं. त्यानंतर हाडावरून वय सांगता येत नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. एक्स-रेत सांधा तेवीस वर्षांच्या पोराचा वाटू नये इतका झिजलेला दिसत होता हेही खरं होतं, ते मी बोलले नाही.

तो गेल्यावर मी दवाखाना लवकर बंद केला आणि बाबांपुढे उभी राहिले.

"का लिहिलंत?"

"चौकशी केली. चौकशी करण्यात गैर काय?" बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी कोणावर आरोप केलेला नाही. प्रश्न विचारले आहेत. तू तरुण मुलगी, बंद दारामागे, दुसऱ्याच्या पारपत्रावर फिरणाऱ्या माणसाबरोबर. उद्या काही झालं असतं तर लोकांनी मला विचारलं असतं, तुम्ही काय करत होतात म्हणून."

"आणि त्याचं काय झालं असतं ते?"

"ते त्याने खोटं बोलताना बघायला हवं होतं."

मला खूप बोलायचं होतं, पण बॅगेची चेन मीच उघडलेली.

दुसऱ्या दिवशी दोनला तो आला. बूट काढले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तू माझी बॅग उघडलीस."

"हो."

"मला वाटलं तू नाही म्हणशील." त्याने रस्त्याकडे मान वळवली. "तू तशी वाटली नाहीस म्हणून मी इथे आलो. इथे यायच्या आधी कलकत्त्यात खेळायचो, तिथला डॉक्टर क्लबचा होता. मी त्याला दुखतं म्हणालो की संध्याकाळी क्लबला कळायचं. इथे म्हटलं, बाई आहे, संघापासून लांब आहे, कोणाला ओळखत नाही."

मी त्याला आत यायला सांगितलं. तो आत आला नाही. मग पायरीवर बसून, बूट न काढता, त्याने पहिल्यांदा सरळ सांगितलं. पासपोर्ट धाकट्या भावाचा. तो स्वतः एकतीस वर्षांचा. आडवा व्रण त्याच्या गावच्या हॉस्पिटलातला, एकोणिसाव्या वर्षीचा, जिल्ह्याच्या संघात निवड झालेली त्याच महिन्यातला. उभा व्रण आखाती देशातला. तिथे तो दोन वर्षं चांगला खेळला, गुडघा गेला आणि ऑपरेशननंतर टाके काढायच्या आधीच त्यांनी परतीचं तिकीट हातात दिलं. मग एजंट म्हणाला, तिशीला टेकलेला, गुडघा कापलेला माणूस कोणी घेत नाही. भावाच्या नावावर जा. भावाला फुटबॉल खेळता येत नव्हता. तो शिंपीकाम करायचा. एक्स-रे काढताना काउंटरवरच्या माणसाने नाव विचारलं आणि याच्या तोंडून आईने ठेवलेलं नाव निघून गेलं.

"विमानतळावर न्यायला माणूस येतो ना," तो म्हणाला, "तो आधी माझे पाय बघतो. मग तोंड. म्हणून फोटोकडे कोणी बघत नाही. तूच पहिली."

हे सगळं खरं होतं का? मला तेव्हाही खात्री नव्हती. भाऊ खरंच होता की फोटोतला मुलगा कोणी तिसराच? पण व्रणांचा हिशोब जुळत होता. मांडीचे चार सेंटिमीटर जुळत होते. मी तेवढ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं, त्याहून जास्त नाही.

मोसम अर्धा उरलेला, दुसरा खेळाडू मिळणार नव्हता, म्हणून फोटोचा विषय मॅनेजरने पुन्हा काढला नाही; त्याला फक्त गुडघ्याचा लेखी दाखला हवा होता. मी लिहिलं की डाव्या गुडघ्याचा एक लिगामेंट निकामी आहे, पट्टी बांधून अर्धा सामना खेळता येईल, पूर्ण नाही. नाव त्याने सांगितलेलं घातलं, भावाचं. वयाच्या जागी काही लिहिलं नाही. माझ्या आयुष्यात मी सही केलेला तो एकच अर्धवट कागद. बाबांनी तो वाचला, वय कुठे आहे ते शोधलं, आणि माझ्या हातात परत दिला.

त्या मोसमातला त्यांचा एक सामना ठाण्यात होता. मी बाबांना म्हटलं, मी जाणार आहे. ते म्हणाले, "चल, मीही येतो." का येताय, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघं सिमेंटच्या पायऱ्यांवर, उन्हात, छत्री उघडून बसलो.

त्याला मध्यंतरानंतर उतरवलं. इतके आठवडे मी त्याचा फक्त गुडघा बघितलेला, तो खेळतो कसा ते कधी बघितलं नव्हतं. तो पळतच नव्हता. इतर दहाजण धावत होते आणि हा मैदानाच्या मधोमध जवळजवळ चालत होता, पण बॉल पुन्हा पुन्हा त्याच्याच पायाशी यायचा. येण्याआधीच त्याने बघून ठेवलेलं असायचं कुठे द्यायचा. एका स्पर्शात देऊन मोकळा. शेजारी बसलेले लोक आधी नाना आवाज काढत होते, माकडाचे वगैरे. मग त्याने चाळीस एक पावलांवरून एक बॉल असा टाकला की त्याच्या संघातला एक पोरगा गोलकीपरसमोर एकटाच उरला. गोल झाला. आवाज थांबले.

बाबा मात्र गोलकडे बघत नव्हते. म्हणाले, "तो डावीकडे वळतच नाही. बघ. डावीकडे जायचं असलं तरी उजवीकडून पूर्ण गिरकी घेतो."

मी बघितलं. खरंच होतं. इतकी वर्षं तो असाच खेळला असणार, एक दिशा वगळून. पण जे बाबांना दिसलं ते समोरच्या संघातल्या दांडग्या बॅकलाही दिसलं. पाचेक मिनिटांत तो बॅक सारखा याच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहायला लागला. एकदा बॉल आला, उजवी बाजू बंद, मागे रेषा. तो डावीकडे वळला आणि खाली बसला. पडला असं म्हणता येणार नाही. पाय मुडपून खाली बसला, जमिनीवर दोन्ही तळवे टेकून.

बाबा उभे राहिले. छत्री त्यांच्या हातातून खाली गेली. "कोणी जात का नाही?" ते मोठ्याने म्हणाले. "अरे, कोणी जा ना त्याच्याकडे!"

स्ट्रेचर यायच्या आत तो स्वतः उठला. हात हलवून सगळ्यांना लांब केलं आणि उरलेला वेळ एका पायावर खेळला. सामना बरोबरीत सुटला.

मोसम संपला तसा त्याला कारखान्याने सोडलं. मॅनेजर मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "गुडघ्याचं काही नाही हो मॅडम, मालकांना आता क्रिकेटची टीम काढायचीय." तो हे इतक्या गोडीने म्हणाला की मी विश्वास ठेवला नाही. पत्रामुळे झालं, गुडघ्यामुळे झालं की खरंच मालकाची लहर फिरली, हे मला कधीच नीट कळलं नाही.

जायच्या आधी तो आला, बूट काढून आत आला. मी मांडीचे सहा व्यायाम कागदावर चित्रं काढून दिले. तो निघाला तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. आपल्या कोर्टाच्या इंग्रजीत म्हणाले, "ते पत्र मी लिहिलं होतं. माझ्या मुलीने नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मॅनेजरने पत्र दाखवलं त्याच दिवशी कळलं. तुमच्या वहीत माझं नाव त्याच अक्षरात आहे."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही तिचे वडील आहात. मला मुलगी आहे." बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "किती वर्षांची?"

"नऊ."

मला कळलं की बाबा मनात वजाबाकी करतायत. तेवीस वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांची मुलगी. तो हसला, त्यालाही कळलेलं. मग बाबाही हसले, कसनुसं, आणि त्याच्याबरोबर रिक्षापर्यंत चालत गेले. ते काय बोलले ते मला बाबांनी सांगितलं नाही. मावशी पायरीवरून बघत होती. "बराच येल लागला तुज्या बापाला याला वलखायला," म्हणाली.

पुढे पाचसहा वर्षांनी माझ्याकडे त्या जुन्या संघातला एक पोरगा खांद्याच्या दुखण्यासाठी यायचा. त्याच्याकडून कळलं की आमचा तो पेशंट आता दक्षिणेत कुठेतरी एका शाळेत मुलांना शिकवतो, बरा आहे. नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं की कागदपत्रांच्या भानगडीत पकडून त्याला परत पाठवलं. बाबा तेव्हा आजारी होते. मी त्यांना फक्त शाळेचं सांगितलं.

"कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "माणूस खात्रीचा आहे का?"

"हो," मी म्हटलं.